हातगुण आणि छत्तीस वॅट

खोक्यावर छत्तीस वॅट लिहिलं होतं. चांदीच्या रंगात, मोठ्या आकड्यात. शेजारी हिरवंगार झाड आणि एक लाल मासा. ते खोकं मी अजून कपाटावर ठेवलं आहे. बायको म्हणते, रद्दीत टाका. मी टाकत नाही. ज्याच्या अंगावर छापील खोटं आहे ती वस्तू रद्दी नसते, पुरावा असते.

मी पांढुर्ण्यात एका जिनिंगमध्ये काट्यावर बसतो. कापसाची भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, मधला फरक पावतीवर लिहायचा. या काट्याला आमच्याकडे धर्मकाटा म्हणतात. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण दिवसभर त्या नावाखाली बसल्यावर आकडा ही माझ्यासाठी मस्करीची गोष्ट राहत नाही. माल ओला असेल तर ओला लिहा, कपात करा, पण लिहून करा. न लिहिता केलेली कपात म्हणजे चोरी, आणि कमी माल देऊन जास्त लिहिणं ही तर चोरीच्या वर मुजोरी.

माशांची टाकी माझ्या मुलीची. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सवा फुटाच्या जरा आत उंच. खाली रेती, वर सहासात लहान मासे. जुलैत मुलगी नागपूरला कॉलेजात गेली आणि जाताना टाकी आजोबांच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, हवाली करून गेली. "आबाजी, मासे तर आहेतच, पण त्यात झाडं लावा तुम्ही. खरी झाडं. पाण्यातली."

बाबांना हे सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला नदी दाखवणं होतं.

बाबांचं सगळं आयुष्य सौंसरकडच्या आमच्या गावी संत्र्याच्या बागेत गेलं. बाग आता मोठा भाऊ पाहतो. गुडघे गेले, उन्हातान्हात चालवेना, म्हणून दोन वर्षांपासून बाबा माझ्याकडे आहेत. हातगुण हा शब्द शहरात डॉक्टरपुरता उरला आहे. अमक्याच्या हाताला गुण आहे, त्याच्या गोळीनं ताप उतरतो. आमच्या भागात तो झाडांसाठी आहे. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटाची साल चिरायची, त्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटायला आलेला कोंब, सरकवायचा आणि पट्टीनं बांधायचं. डोळा बसला तर झाड झालं, वाळला तर खुंट गेला. बाबांनी बांधलेला डोळा सहसा वाळत नसे. त्यामुळे सौंसरजवळचे एक नर्सरीवाले दर हिवाळ्यात गाडी पाठवून त्यांना नेत. हंगामाचा पहिला डोळा बाबांनी बांधायचा, मग मजूर कामाला लागायचे. मजुरी नाही, काही नाही. नारळ, चहा आणि मान. गुडघे गेल्यावरही हे थांबलं नव्हतं. खरं सांगायचं तर बाबांचं वर्ष त्या एका दिवसावर उभं होतं. बाकीचे दिवस ते ओसरीत बसून रस्ता पाहत.

तर पाण्यातली झाडं आली. बसस्टँडकडे एक दुकान आहे, पोपट, ससे, मासे असं सगळं विकणारं. बाबा आणि मी दोघं गेलो. गवतासारखी लांब पाती असलेलं एक, काळपट जाड पानांचं एक, नाजूक पानांची दोनतीन, आणि एक लालसर शेंड्याचं. बाबांचा त्या लाल शेंड्याच्या झाडावर जीव जडला. नव्या पालवीसारखा रंग आहे म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "काकाजी, झाडं घेऊन राहिले तर लाईट लागीन. साध्या लाईटवर नाही जगत हे. हा घ्या, छत्तीस वॅट. प्लांटवालाच आहे."

"छत्तीस वॅट आहे?" मी विचारलं.

"लिहिलं आहे ना."

लिहिलं होतं. मी पैसे दिले. स्वस्त नव्हता, पण महागही म्हणता येत नव्हता. जिवंत वस्तू घरात आणायची तर तिचं खाणं आणावंच लागतं.

पहिला पंधरवडाभर झाडं तशीच उभी होती. मग पाती पारदर्शक व्हायला लागली, कागदाला तेल लागावं तशी. नाजूक पानांची झाडं खालून झडू लागली. काचेवर तपकिरी राप चढला. बाबा रोज सकाळी बाह्या सरकवून पाण्यात हात घालत, सडलेलं पान खुडत, शेंडा उचलून परत रोवत. माझी बायको म्हणायची, "मामाजी, चहा गार होऊन राहिला." ते म्हणायचे, "होऊ दे."

मग त्यांनी निदान केलं. संत्र्याचा माणूस संत्र्यासारखंच निदान करणार.

"याले ताण द्या लागते."

ज्यांना बाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बहार घ्यायचा तर आधी बागेचं पाणी तोडतात. झाड मलूल होतं, पानं गळतात, बघणाऱ्याला वाटतं मेलं. मग पाणी सोडलं की ते फुलांनी भरतं. या पाणी तोडण्याला ताण म्हणतात. ताण किती द्यायचा हे ज्याला कळतं त्याची बाग पिकते.

"बाबा, ती पाण्यातच आहेत," मी म्हटलं. "ताण कसा देणार?"

"पाणी तोडता येत नाही, हे मलेही समजते. उजेड तोडू."

आणि त्यांनी टाकीवर गोणपाट टाकलं. चहूबाजूंनी, नीट, कोपरे खोचून. दिवा बंद. मासे गोणपाटाखाली. चार दिवस. मी विरोध केला नाही, कारण तेव्हा माझ्याकडे आकडा नव्हता. आकडा नसताना मी वाद घालत नाही.

गोणपाट काढलं तेव्हा घरात तळ्याच्या काठासारखा वास सुटला.

नेमके त्याच वेळी पोळ्याचे पाहुणे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते, नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा, ती पाहायला गावाकडची माणसं आमच्याकडे येतात, जेवतात आणि जाम नदीकडे जातात. त्यात माझा एक चुलतभाऊ. माणूस वाईट नाही, पण तोंडाला दार नाही. टाकीजवळ गेला, नाक धरलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाला,

"काय मोठेबाबा! तुमच्या हातानं वाळलं? हात गेला वाटते तुमचा!"

सगळे हसले. बाबाही हसले. आणि म्हणाले, "हो रे, गेला असन."

त्या दिवसापासून बाबांनी पाण्यात हात घातला नाही. माशांना दाणे चिमटीनं टाकत, ते चमच्यानं टाकायला लागले. तुळशीला रोज पाणी घालत, ते सुनेला सांगितलं. "तूच टाक. माह्या हातानं नको." हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. घास हातात राहिला. बहात्तर वर्षांचा माणूस, ज्यानं बांधलेले खुंट दोन तालुक्यांत फळं देताहेत, तो चमच्यानं माशांना जेवू घालतोय, कारण त्याला वाटतं त्याचा स्पर्श वाळवतो.

चुलतभावाचा राग मला आला, पण टिकला नाही. मूर्खावरचा राग टिकत नाही. टिकला तो दुसरीकडे.

एक दिवस बाबा ओसरीत होते आणि मी टाकीसमोर बसलो. दिवा चालू होता. मी हाताची सावली रेतीवर पाडून पाहिली. सावली धड पडेना. आमच्या न्हाणीत नऊ वॅटचा बल्ब आहे, त्याच्यात सावली याहून काळी पडते. मला छत्तीस हा आकडा बघायचाच होता.

विजेच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. मीटरवरच छापलेलं असतं, किती लुकलुकी म्हणजे एक युनिट. आमच्या मीटरवर बत्तीसशे. मी घरातलं सगळं बंद केलं. पंखे, फ्रीज, मोबाईलचे चार्जर, देवघरातला दिवासुद्धा. ऑक्टोबरची दुपार. बायको पदरानं वारा घेत सोफ्यावर.

"तुम्हाला वेड लागलं आहे का?"

"दहा मिनिटं."

"दूध नासलं तर तुम्ही प्या."

आधी काट्याची परीक्षा. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब लावला. हिशेबानं दहा मिनिटांत बत्तीस वेळा लुकलुकायला हवं. एकतीस आले. ठीक. एवढ्या फरकावर मी गाडी सोडतो. मग तो बल्ब काढला, टाकीचा दिवा लावला. छत्तीस वॅटला एकोणीस यायला हवेत.

समोरच्या घरातल्या बाई फाटकापाशी आल्या. "लाईन गेली का भाऊ? आमच्याकडे तर आहे."

"गेली नाही. मोजून राहिलो."

"काय मोजून राहिले?"

"खोटं."

पाच आले. दहा मिनिटांत पाच. मी पुन्हा मोजलं. पुन्हा पाच. म्हणजे नऊ-साडेनऊ वॅट. छत्तीस लिहिलं आणि नऊ दिलं. चार पोती मोजून घ्यायची आणि एक पोतं गाडीत टाकायचं, वर म्हणायचं, लिहिलं आहे ना.

मी दिवा काढला, खोक्यात घातला आणि तसाच घामेजलेला दुकानात गेलो. तिथं दोघंतिघं गिऱ्हाईक होते. मला ते बरंच वाटलं.

"हा छत्तीस वॅटचा नाही. नऊचा आहे."

दुकानदारानं खोकं उलटं करून पाहिलं, जणू मागे काही वेगळं लिहिलं असेल. "काकाजी, चालू तर आहे ना?"

"चालू आहे. नऊवर चालू आहे."

"पाहा, असं असते. हे एलईडी आहे. याचा नऊ म्हणजे जुन्याचा छत्तीस. इक्वल वॅट म्हणतात त्याले."

"मग इक्वल लिहायचं. जुन्याच्या हिशेबात लिहायचं तर तसं छापायचं."

"कंपनी छापते, मी थोडी छापून राहिलो."

"पण मी विचारलं तेव्हा सांगितलं तुम्ही. तुमच्या तोंडानं."

"म्या सांगितलं, लिहिलं आहे. लिहिलं तर आहेच." तो हसला. "वॅट काय हो, लिहिण्यापुरता असते. पोपटाच्या पिंजऱ्यावरही लिहून येते, स्टेनलेस स्टील. तुम्ही तर जिनिंगवाले. तिथं कपात नाही का करत?"

गिऱ्हाइकांपैकी एक खुदकन हसला.

"करतो," मी म्हटलं. "पावतीवर लिहून करतो. शेतकऱ्याला वाचून दाखवतो. त्याला नको असेल तर तो गाडी परत नेतो. तुमच्या या दिव्याखाली माझ्या बापाची झाडं मेली आणि तो समजतो त्याच्या हातानं मेली. ही कपात कुठं लिहिली आहे ते दाखवा."

मग दुकानदार म्हणाला, खरंच न समजून म्हणाला, "झाडं पाहिजे असन तर दुसरी देतो ना काकाजी, हाफ रेटमध्ये." त्याला वाटलं मी झाडांसाठी भांडतोय. पैसे त्यानं परत केले नाहीत. दिवा मी परत आणला.

त्यानंतरचे काही आठवडे मी दिव्यांत घालवले. सांगायला लाज वाटत नाही. कापसाचा हंगाम तोंडावर होता, काट्यावर गाड्या लागत होत्या, आणि मी जेवणाच्या सुटीत मोबाईलवर दिवे वाचत होतो. जे समजलं ते एवढंच, की झाडाला वॅटशी काही घेणं नसतं. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. उजेड किती देतो तो आकडा वेगळा, ल्युमेनचा. नवल असं की माशांच्या दुकानातल्या एकाही खोक्यावर ल्युमेन छापलेले नव्हते. छत्तीस, अठ्ठेचाळीस, शंभर वॅट, सगळं होतं, उजेड नव्हता. कणसाचं वजन सांगायचं आणि दाणे किती ते सांगायचं नाही.

मध्ये एक मूर्खपणा झाला. जांभळा दिवा मागवला, ऑनलाईन, खास झाडांचा, लाल आणि निळे दाणे असलेला. तो लावला तर आमची बैठकीची खोली लग्नातल्या डीजेसारखी दिसायला लागली. मासे काळे, झाडं काळी, बाबा जांभळे. संध्याकाळी गल्लीतली पोरं फाटकापाशी थांबून म्हणायला लागली, "काका, तिकीट किती?" बायकोनं तो स्वतः उपटून खोक्यात भरला. "हे घर आहे," ती म्हणाली, "ऑर्केस्ट्रा नाही." तो परत गेला, पैसे आले. निदान तिथं परत घ्यायची सोय होती.

शेवटी जे उत्तर मी सगळीकडे शोधत होतो ते विजेच्या साध्या दुकानात मिळालं, जिथं ट्यूब, होल्डर आणि पंख्याचे कंडेन्सर मिळतात. घरात लावायची दोन फुटी एलईडी पट्टी. पांढरा दिवसासारखा उजेड. खोक्यावर बारीक अक्षरात दहा वॅट आणि खाली हजार ल्युमेन. मी दुकानदाराला म्हटलं, लावून दाखव. मग दोन घेतल्या. दोन्ही मिळून टाकीवाल्या दिव्याच्या निम्म्या पैशात. घरी येऊन पुन्हा पंखे बंद, पुन्हा बायकोची बोलणी, पुन्हा मीटर. दोन पट्ट्यांचे अकरा आले. वीस वॅट बरोबर. टाकीत रेती सोडून पन्नास लिटर पाणी बसतं. लिटरमागे चाळीस ल्युमेन झाले. मध्यम झाडांना पुरे, म्हणे. टाकीला काचेचं झाकण करून घेतलं, म्हणजे वाफ पट्टीला लागू नये, आणि पट्ट्यांच्या वर पांढरा सनमायकाचा तुकडा बसवला, म्हणजे उजेड छताकडे जाऊ नये. दिवसाला सात तास. बाबा ओसरीतून बघत होते. जवळ आले नाहीत.

तेव्हा टाकीत फक्त तीन झाडं उरली होती. लांब पात्याचं, अर्धं. काळपट जाड पानांचं, ते तर कुठंही जगतं. आणि लाल शेंड्याच्या झाडाचा एक बोटभर तुकडा, थर्माकोलच्या चकतीला डोळा बांधायच्या प्लास्टिक पट्टीनं बांधलेला, पाण्यावर तरंगत. बाबांनी पोळ्याआधी कधीतरी बांधला असावा. मी तो तसाच ठेवला.

दिवाळीनंतर पात्यांनी रेतीतून बाजूला नवी पिल्लं काढली. थर्माकोलखालच्या तुकड्याला पांढरी मुळं फुटली आणि त्याचा शेंडा असा लाल झाला की पाहुण्यांना खरा वाटेना. मला जो आनंद झाला तो काट्यावर मेळ बसल्यावर होतो तसला. मी बाबांना हात धरून टाकीपाशी आणलं. खोकं आणलं, कागद आणला. लुकलुकी मांडून दाखवल्या. एकोणीस हव्या होत्या, पाच आल्या. आता पाहा, अकरा. उजेड इतका. "तुमचा हात नव्हता, बाबा. दिवा खोटा होता."

बाबांनी कागद दूर धरून वाचला. समजलाही. ते हिशेबाला कच्चे नाहीत.

"म्हणजे मेले त दिव्यानं मेले."

"हो."

"आणि जगले तेही दिव्यानं."

मी खोकं उचलून बाजूला ठेवलं.

"मंग हाताचं काय काम राहिलं?" त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. "चांगलं केलं. तुले जमलं." आणि ओसरीत जाऊन बसले.

मी तिथं उभा राहून टाकीकडे पाहत होतो आणि मला स्वतःच्या बरोबर असण्याचा राग आला. खोट्या आकड्यानं त्यांचा हात खोटा ठरवला होता, खऱ्या आकड्यानं तो बिनकामाचा ठरवला. दुकानदारानं निदान अजाणता केलं होतं. मी कागदावर मांडून केलं.

जानेवारीत नर्सरीवाल्यांचा फोन आला, दरवर्षीसारखा. "भाऊ, खुंट तयार आहेत. बाबाजींले गाडी पाठवतो, परवा."

बाबांना सांगितलं. ते शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले,

"त्याले सांग, दोन पट्ट्या आणून लाव म्हणा खुंटावर. ल्युमेन पाहून घे म्हणा."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यानं माझा बांध फुटला. इतके महिने जो राग दुकानावर, खोक्यावर, कंपनीवर ठेवला होता, तो सगळा बाबांवर निघाला.

"ठीक आहे, मग हिशेबानंच बोलू," मी म्हणालो, आणि आवाज चढला हे मला ऐकू येत होतं. "नऊ वॅटवर ते लाल शेंड्याचं झाड जगायलाच नको होतं. सगळ्यात जास्त उजेड त्यालाच लागतो. नाजूक पानांची मेली, याहून कमी उजेडात जगणारं पात्याचंही अर्धं गेलं, आणि हे जगलं. कसं जगलं? कारण तुम्ही त्याला थर्माकोलवर बांधून दिव्याच्या जवळ नेलं. खाली रेतीत जेवढा उजेड पोचत नव्हता तेवढा त्याला वर मिळाला. ही माझ्या आकड्यात न बसणारी गोष्ट आहे. ती तुमची आहे. घ्या."

बाबांनी शेंगांची परात बाजूला सरकवली. आता त्यांचाही आवाज चढला, वर्षभरात पहिल्यांदा.

"मले नको शिकवू बे हिशेब! थो थर्माकोल म्या उजेडासाठी बांधला म्हणते? मले काय मालूम तुह्या दिव्यात खोट हाय? मासे त्याले घडीघडी रेतीतून उपटून राहिले होते! पडल्या पडल्या सडून गेला असता. म्हणून वर बांधला त्याले."

माझा एकुलता एक पुरावा गेला.

"म्हणजे चुकून जगलं," मी म्हणालो. मनात नव्हतं, तोंडातून गेलं.

"चुकून कसं?" बाबा उभे राहिले, गुडघ्यावर हात रेटून. "चुकून कसं रे? म्या वाचवलं ना त्याले! बाकीच्यायले नाही वाचवू शकलो, याले वाचवलं. म्या बांधलं तवा थो एवढासा होता, करंगळीएवढा. तू होता काय तिथी? तू मीटर मोजून राहिला होता!"

मीटर मी नंतर मोजलं होतं. पण ही दुरुस्ती मी केली नाही. आयुष्यात फार थोड्या वेळा एखादी चुकीची नोंद मी तशी सोडली आहे.

बाबा तसेच उभे होते, धापा टाकत. मग बसले. परात पुढं ओढली. एक शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला.

"परवा म्हणते काय थो?"

"परवा."

"सकाळून पाठव म्हणा गाडी. दुपारी ऊन लागते."

मी रजा टाकून बरोबर गेलो. नर्सरीत खुंटांच्या रांगा, हिरव्या जाळीखाली. मालकांनी खुर्ची मांडून ठेवली होती, बाबा खाली पोत्यावर बसले. नारळ फुटला. मजूर बाया गोल करून उभ्या. मालक म्हणाले, "बाबाजी, मागच्या साली तुमचा पहिला बसला आणि सारा प्लॉट बसला."

"आणि पहिला वाळला असता त?" बाबा म्हणाले.

"मंग तुमच्या नावानं बोंबलत बसलो असतो."

बाया हसल्या. बाबांनी चाकूची धार अंगठ्यावर पाहिली. खुंटाची साल चिरली. डोळा देठासकट उचलला, आत सरकवला. मी अगदी जवळ वाकून त्यांची बोटं पाहत होतो. पट्टीचा पहिला वेढा घट्ट बसला नाही, त्यांनी तो सोडला आणि पुन्हा घेतला. मला वाटलं, आता मालक पाहतील, बाया पाहतील, कोणीतरी तोंड उघडेल, आणि त्या कोणाचा तरी राग मला आधीच यायला लागला होता.

"सरक तिकडं," बाबा मान वर न करता म्हणाले. "उजेडात नको उभा राहू."

मी सरकलो. त्यांनी गाठ मारली आणि पुढचा खुंट मागितला. नियमानं त्यांनी एकच बांधायचा असतो. त्या दिवशी ते जेवणापर्यंत उठले नाहीत.